आत्याचा पत्ता

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला तळघरातून चादरबाईंचा फोन आला. "ताई, आमच्या प्रिंटरमधून कुणाचा तरी मूतखडा येतोय," त्या म्हणाल्या. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, पडदे आणि हिरवे गाऊन जिथे धुऊन, घडी होऊन येतात त्या खोलीच्या त्या प्रमुख. खरं नाव वेगळं आहे, पण गेली कित्येक वर्षं त्या सगळ्यांच्या चादरबाईच. मी विचारलं, मूतखडा म्हणजे? "म्हणजे रिपोर्ट हो. डाव्या बाजूला, आठ मिलिमीटरचा. आणि हे बघा, आता एका बाळाचं वजन आलं. मला हवी होती अभ्र्यांची यादी." मला हसू आलं आणि ते तसंच मावळलं, कारण आदल्या संध्याकाळी मी नव्या प्रिंट सर्व्हरला आयपी दिला होता, आणि फोन खाली ठेवायच्या आत मला कळून चुकलं होतं की मी माती खाल्लीय. हॉस्पिटलात कुठूनही 'छापा' म्हटलं की कागद आधी प्रिंट सर्व्हरकडे जातो आणि तो ज्याच्या त्याच्या प्रिंटरला वाटून देतो. तो चुकला तर मूतखडा चादरीत जाणारच.

आयपी म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी कुणाचं काही अडत नाही, पण आमच्या विभागात त्याच्याशिवाय पान हलत नाही. चार आकड्यांची माळ असते. पहिले तीन आमच्या इमारतीतल्या सगळ्या यंत्रांचे सारखेच, आडनावासारखे, आणि चौथा ज्याचा त्याचा. एका घरात दोघांचं नाव एकच ठेवलं तर हाक मारल्यावर कधी हा ओ देईल, कधी तो. तसंच झालं होतं. मी नव्या सर्व्हरला चाळीस आकडा दिला, आणि चाळीस आकड्याचं आणखी कुणीतरी इमारतीत आधीपासून नांदत होतं. आता अर्धे कागद माझ्या सर्व्हरकडे जात होते आणि अर्धे त्याच्याकडे, जो शेवटचा 'मी इथे आहे' म्हणाला असेल त्याच्याकडे. बरं, मी काही डोळे झाकून चाळीस दिला नव्हता. नव्या आराखड्यात सर्व्हरना चाळीस ते पन्नासमधलेच आकडे द्यायचे होते, आणि त्यात एवढा एकच रिकामा दिसत होता. देण्याआधी मी पिंग केलं होतं, म्हणजे त्या आकड्याला हाक मारून बघितली होती, एकदा नाही, चारदा. ओ आली नाही. विभागाची पत्त्यांची जुनी वहीही पाहिली होती. वहीत चाळीसच्या समोर एकच शब्द होता, 'धाकटी', आणि धाकटी म्हणजे नोंदणीच्या खिडकीतला तो छोटा लेबलचा प्रिंटर, जो दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवून टाकायची मला सवय आहे. त्या सवयीनेच पुढे सगळं झालं, आणि मागेही.

जिना उतरताना आजोबा आठवले. आठवले असं म्हणायला ते आधी डोक्यातून गेले पाहिजेत, तसे ते गेले नव्हते. वही त्यांची होती. आजोबा माझे रक्ताचे कुणी नव्हेत. मी बाविसाव्या वर्षी इथे लागले तेव्हा ते संगणक विभागाचे प्रमुख होते आणि आज मी आहे त्याच वयाचे होते, पण केस पस्तिशीतच पांढरेफटक झालेले, म्हणून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळं हॉस्पिटल त्यांना आजोबा म्हणायचं. त्यांच्या बायकोला मात्र मी काकू म्हणते. म्हणजे त्या घरात मी एकाच वेळी नातही आहे आणि पुतणीही, आणि यावर त्या घरात कुणी कधी हरकत घेतलेली नाही. आजोबा आयपी म्हणत नसत, पत्ता म्हणत. "तिला पत्ता दिलास का?" असं विचारत, आणि तिला म्हणजे एक्स-रे विभागातल्या प्रिंटरला. कारण त्यांच्या लेखी एकही यंत्र नुसतं यंत्र नव्हतं. प्रिंट सर्व्हर ही आत्या. का, तर सगळं घर तिच्याकडे मागणी घेऊन जातं आणि ती कुणाला नाही म्हणत नाही, फक्त मधूनच रुसून बसते. एक्स-रेचा प्रिंटर थोरली जाऊ, खडखड फार. प्रयोगशाळेतला मधली जाऊ, काम चोख पण कागद जरा तिरका गेला की अडून बसणारी. बाळंतपणाच्या वॉर्डात मावशी. बिलांच्या खिडकीत विहीणबाई, तिला आदरानं वागवावं लागे, नाहीतर चारचौघांत अपमान करायची. मोठ्या साहेबांच्या केबिनमधला रंगीत प्रिंटर म्हणजे जावई, वर्षातून चार पानं छापायचा आणि बडदास्त सगळ्यात जास्त. हे सगळं ते लांबट वहीत शिसपेन्सिलीनं लिहून ठेवत, डावीकडे आकडा, उजवीकडे नातं, बस्स. खोलीचं नाव नाही, यंत्राचा मेक नाही, तारीख नाही. मी सुरुवातीला वाद घालायची. "अहो आजोबा, उद्या नवा माणूस आला तर त्याला काय कळणार?" तर म्हणत, "आकडे काय, जातात डोक्यातून. पण आपली आत्या कुणी विसरतं का?" मी म्हणायची, माझी आत्या तुम्हाला कुठे माहितीय? ते म्हणायचे, सांग की मग. आणि मी सांगायची. इतक्या वर्षांत माझ्या सगळ्या गोतावळ्याची माहिती त्या माणसाला झाली होती, कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत, आणि त्यातलेच काही स्वभाव पुढे प्रिंटरांना चिकटले.

तळघरात गरम कापडाचा आणि साबणाचा वास असतो, तो मला आवडतो. वर सगळीकडे औषधांचा वास, इथे एकदम घरचा. चादरबाई दारातच उभ्या होत्या, हातात कागदांचा गठ्ठा, त्यावर घडी केलेला अभ्रा झाकलेला. म्हणाल्या, "लोकांचे आजार आहेत, असे उघडे कसे ठेवायचे?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. खोलीच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या यंत्राच्या पलीकडे, एक जुनापुराणा, पिवळट पडलेला प्रिंटर बसला होता आणि मोठ्या निष्ठेने कुणाच्या तरी रक्तातली साखर छापत होता. मी त्याच्या बटणांशी खटपट करून त्याच्याच तोंडून त्याचा पत्ता काढून घेतला. चाळीस. "हा रोज चालू असतो?" मी विचारलं. "छे हो. शुक्रवारी लावते, आठवड्याची मोजणी छापायला. एरवी वायर काढून ठेवते, धूळ जाते ना." म्हणजे मी गुरुवारी हाक मारली तेव्हा तो झोपला होता. मी त्याची केबल काढली आणि वर फोन केला. दहा मिनिटांत एक्स-रे, प्रयोगशाळा, सगळीकडे कागद सुरळीत जायला लागले. चादरबाईंची यादी मी नंतर माझ्या टेबलावरून छापून आणून दिली. त्यांच्या हातातला गठ्ठा मी ज्याचा त्याला पोचवायला घेतला. "बंद नाही ना करणार याला?" त्यांनी प्रिंटरवर हात ठेवून विचारलं. "आजोबांनी दिलेला आहे. स्वतः उचलून आणला होता त्यांनी इथे. म्हणाले, सांभाळा, आमच्या घरातला आहे." मी म्हटलं, नाही करणार. पण तो घरातला कसा, आणि धाकटी कसा, हे मला काही केल्या आठवेना.

वर येऊन वही उघडली आणि मग खरी धास्ती वाटली. सोमवारी उरलेले सतरा प्रिंटर नव्या सर्व्हरवर जायचे होते. सतराही जणींची नाती वहीत होती, आणि त्यांतल्या चार मला ओळखू येत नव्हत्या. 'नणंद' कोण? 'मामेबहीण' कोण? एके ठिकाणी नुसतं 'ती' असं लिहिलं होतं. धाकटीच्या बाबतीत चुकले तशी यांच्याही बाबतीत चुकले तर सोमवारी औषधांच्या चिठ्ठ्या कुठे जाऊन पडतील याचा नेम नव्हता. आणि चादरबाईंसारखं अभ्रा झाकणारं माणूस प्रत्येक प्रिंटरपाशी थोडंच असणार. ही चार नाती उलगडून सांगणारा माणूस या जगात एकच होता, तो पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहत होता, आणि मी चौदा महिने त्याच्या घरची पायरी चढले नव्हते.

का चढले नव्हते, ते मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला वाटतं कामाचा व्याप. दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी प्रत्येक विभागाकडून एक अहवाल मागवला, आपल्याकडे काय काय धोक्याचं आहे त्याचा. आजोबा रजेवर होते, काकूंच्या डोळ्याचं काही होतं, म्हणून आमच्या विभागाचा मी लिहिला. सहा पानं. जुन्या बॅटऱ्या, गळकं छत, सगळं लिहिलं, आणि चौथ्या पानावर एक वाक्य लिहिलं: 'संपूर्ण जाळ्याची माहिती एकाच व्यक्तीच्या स्मरणात व एका हस्तलिखित वहीत असून ही बाब रुग्णालयाच्या दृष्टीने अत्यंत धोक्याची आहे.' वाक्य खरं होतं. आजही खरं आहे, सकाळी मूतखड्यानं ते सिद्ध केलं. पण ते लिहिताना मी 'व्यक्ती' असं लिहिलं. ज्या माणसानं मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "जेवलीस का? मग आधी जेव, यंत्रं कुठे पळून जात नाहीत," ज्यानं माझ्या लग्नात जबाबदार वडीलधाऱ्यासारखं पाहुण्यांना गाडीत बसवून दिलं, माझी मुलगी आजारी असताना माझं काम गुपचूप करून ठेवलं आणि विचारल्यावर "आत्यानं केलं असेल" म्हणून हात झटकले, त्याला मी एक व्यक्ती करून टाकलं. अहवालाखाली सही विभागाची होती, माझी नव्हती. काही महिन्यांनी आजोबांना दीड वर्ष आधीच निवृत्त व्हा असं सुचवण्यात आलं. मोठ्या मानानं, टाळ्या वाजवून, घड्याळ देऊन. लोक दबक्या आवाजात म्हणत होते, आजोबांचा पत्ता कापला. मी टाळ्या वाजवत होते आणि माझे हात मलाच परके वाटत होते. त्यांनी वही माझ्या हातात दिली, म्हणाले, "सांभाळ ग सगळ्यांना. येत जा घरी." मी म्हटलं, येते ना. त्यांची खुर्ची मला मिळाली. मग पहिला महिना धीर झाला नाही, दुसऱ्या महिन्यात पहिला महिना न गेल्याची लाज, आणि तिसऱ्यापासून ती लाज आपोआप वाढत गेली. त्यांना कळलं असेल का, हा एकच प्रश्न. कळलं असेल तर कोणत्या तोंडानं जाऊ, आणि कळलं नसेल तर तोंड दाखवून गप्प कशी बसू.

दुपारी दोनला मी वही पिशवीत घातली, चारपर्यंत येते म्हणून सांगितलं आणि निघाले. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लोखंडी कठडा, तो उन्हानं तापलेला. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. आधी कामाचं बोलावं. चार नाती विचारावीत, लिहून घ्यावीत, चहा झाला की निघावं. अहवालाचा विषय काढायचा नाही. हे ठरलं, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीनदा मोडलं. दार काकूंनी उघडलं. मला बघताच माझा कान धरला, अक्षरशः. "मेली नाहीस म्हणजे!" म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "हे बघ, ते कधीकधी तेच तेच विचारतात. तू पहिल्यांदाच ऐकतेयस असं उत्तर द्यायचं. आणि आठवत नाही म्हणाले तर आठवून द्यायला जाऊ नकोस, चिडतात." मी मान हलवली. चप्पल काढताना माझ्या लक्षात आलं की या एका शक्यतेचा मी चौदा महिन्यांत विचारच केला नव्हता.

आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, पायाशी कुंड्या. केस तेवढेच पांढरे, म्हणजे दिसायला ते होते तसेच होते. पस्तिशीत म्हातारं होऊन घेतल्याचा हा एक फायदा. "आलीस," ते म्हणाले, जणू मी सकाळीच बाहेर गेले होते आणि आता परत आले. "जेवलीस का?" जेवले, मी म्हटलं, आणि लगेच वही काढली. वही बघून त्यांचा चेहरा खुलला. मांडीवर घेऊन पानांवरून हात फिरवला. "कशी आहेत सगळी?" मी एकेकीची खुशाली सांगितली. थोरल्या जावेची खडखड, विहीणबाईंचा तोरा. जावई निवृत्त झाला आणि नवा जावई आला, तो यापेक्षा मिजासखोर. ते खूष होऊन ऐकत होते. "आणि आत्या?" "आत्या थकली, आजोबा. नवी आणलीय. तिला पत्ता द्यायला गेले आणि घोटाळा करून बसले." मग मी मूतखड्याची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की काकू बाहेर आल्या, काय झालं म्हणून. त्यांनाही सांगावी लागली. "जेवलीस का तू?" हसणं ओसरल्यावर आजोबांनी विचारलं. जेवले, मी म्हटलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

"पण तू धाकटीचा पत्ता दिलासच कसा दुसऱ्याला?" ते म्हणाले. मी म्हटलं, मला वाटलं धाकटी म्हणजे नोंदणीतला तो छोटा प्रिंटर. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी पुन्हा बाविसची झाले. "अगं, धाकटी म्हणजे तू." मला कळेना. "तू लागलीस त्या आठवड्यात मी तुला एक नवा प्रिंटर दिला, म्हटलं, हिला पत्ता तुझा तू दे. तू अर्धा तास उभी. शेवटी विचारलंस, कुठलाही चालेल? म्हटलं, मोकळा असेल तो कुठलाही. तर म्हणालीस, चाळीस. का, तर गोल आकडा आहे, लक्षात राहील." काकू फिस्सकन हसल्या. मी हसले नाही. मला तो अर्धा तास अजूनही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला, गॅलरीत बसून, नंतर घरी, पण तिथे काहीच नाही. एकाच व्यक्तीच्या स्मरणात, असं मी लिहिलं होतं, आणि ते अगदीच खरं होतं. माझ्या नोकरीचा पहिला आठवडा फक्त त्या एका व्यक्तीच्या स्मरणात होता. "तुझं पहिलं काम, आणि घरात सगळ्यात लहान तू, म्हणून धाकटी लिहिलं," ते म्हणाले. "मग तो प्रिंटर जुना झाला. टाकायला काढला की मी त्याला दुसरीकडे जागा बघायचो. एक्स-रेतून नोंदणीत, नोंदणीतून भांडारात, तिथून चादरबाईंकडे. चालतोय ना, मग कशाला टाकायचा?" एवढं बोलून ते कुंडीतलं वाळकं पान खुडू लागले. माझ्यावर या माणसाचं प्रेम होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते गेली एकोणीस वर्षं इमारतीतून जागा बदलत, कुणाला न सांगता कागद छापत होतं, हे ठाऊक नव्हतं.

मग आम्ही चार नाती काढली. नणंद म्हणजे रक्तपेढी, एका दमात सांगितलं. मामेबहीण म्हणजे फिजिओथेरपी, का ते मात्र त्यांना आठवेना, आणि मी आठवून द्यायला गेले नाही. चौथं नाव कुठलं म्हणून पान उलटलं तर ती 'आजी'; वाचनालयातली, ते म्हणाले, महिन्यातून दोन पानं छापणारी. राहिलं ते नुसतं 'ती'. त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवून राहिले. "ही कोण बरं," ते हळूच म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या," मी म्हटलं, "तिला मी जाऊन शोधते." "शोध," ते म्हणाले. "आता तुलाच शोधावं लागणार." काम झालं होतं. वही मिटून पिशवीत घालायची, चहा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. चहा आलाही. मी कप उचलला आणि तो तसाच परत ठेवला.

"आजोबा, तो अहवाल मी लिहिला होता."

"कुठला?" त्यांनी विचारलं.

आणि माझ्या मनात आलं, झालं, सुटले. त्यांना आठवतच नाही. 'काही नाही हो' म्हणायचं, चहा प्यायचा, दर आठवड्याला यायला लागायचं आणि उरलेली सगळी वर्षं धाकटी म्हणून लाड करून घ्यायचे. कुणाचं काहीच बिघडलं नसतं. हे सुख दोनेक सेकंद टिकलं असेल. मग मला त्याची इतकी किळस आली की मी घाईघाईनं बोलत सुटले. मोठ्या साहेबांनी मागवला होता तो, तुम्ही रजेवर होतात, सहा पानांचा, त्याच्यामुळे तुम्हाला घरी पाठवलं, वाक्य माझं होतं, खुर्ची मला मिळाली, म्हणून आले नाही इतके दिवस, दुसरं काही कारण नव्हतं. मी रडत होते, आणि रडत असताना आपण किती भराभर बोलतोय हेही ऐकत होते. काकू उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला की खुर्चीच्या पाठीवर, ते आता सांगता येणार नाही.

"चौथं पान," आजोबा म्हणाले. मी वर पाहिलं. "ठाऊक आहे ग मला. माझ्याकडेच आला होता तो, अभिप्रायासाठी. विभागप्रमुख मी, मग जाणार कुठे? तुझी भाषा मला कळणार नाही होय? 'असून' 'असून' करत लांबवतेस वाक्य." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू 'एका व्यक्तीच्या' असं लिहिलं होतंस. ते मी खोडलं आणि माझं नाव घातलं. आणि खाली लिहिलं, बरोबर आहे. शिवाय या माणसाला हल्ली आठवत नाही."

गॅलरीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकू म्हणाल्या, "सहा महिने आधीपासून चाललं होतं यांचं. कामावरून आले की गप्प. मला वाटायचं तब्येत." "एकदा मी एकच पत्ता दोघींना दिला," आजोबा म्हणाले. "तू आज केलास ना, तसाच घोटाळा. फक्त तुझ्या चुकीला कारण होतं. माझ्या चुकीला नव्हतं. मीच दिला होता आणि मलाच आठवत नव्हता. पंधरा मिनिटांत सापडलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण घरी आलो तो जेवायलाही बसलो नाही. तुला सांगावं असं रोज वाटायचं. सकाळी ठरवून यायचो. तू समोर बसलेली असायचीस आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग तुझा अहवाल आला. वाचला आणि, खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. चला, पोरीनं सुरुवात तरी करून दिली."

"मग राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की."

"कशाचा?"

"तू आली नाहीस त्याचा." हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, तक्रार नसावी तसं. "पहिले दोन महिने इथे चहा तीन कप व्हायचा. हिला विचार. तुला सांगायच्या कितीतरी गोष्टी होत्या. वहीतल्या नाही, वेगळ्या. मी त्या डोक्यात एका बाजूला काढून ठेवल्या होत्या, तू आलीस की सांगायच्या म्हणून. आताशा बघायला जातो तर निम्म्या जागेवर नसतात. विसरायच्या आत यायला हवं होतंस ग."

त्यांनी अहवालाचा राग धरला असता, खुर्चीवरून टोमणा मारला असता, तर मी चौदा महिने तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं मला कामी आली असती. मी नाक पुसलं. हॉस्पिटलला फोन लावला आणि आज परत येत नाही म्हणून सांगितलं. प्रयोगशाळेचा कागद अडकलाय, तिकडून आवाज आला. मी म्हटलं, मागचं झाकण उघडा, हळूच ओढा, आणि फोन बंद केला.

"निम्म्या उरल्यात त्या सांगा," मी म्हटलं.

"आता?"

"आता."

ते सरळ होऊन बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काकूंनी दुसरी खुर्ची ओढून घेतली. "तर पहिली गोष्ट अशी," आजोबा म्हणाले, आणि थांबले. कपाळाला आठी पडली, ओठ किंचित हलले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि वाट बघत राहिले.